साहेब नाही म्हणाले

आमच्या नाक्याला आता त्या नटाचं नाव देणार आहेत. त्या निमित्तानं एक छोटं पुस्तक काढायचंय म्हणून दोन शिकलेली माणसं माझ्याकडं आली होती. "बाबा, तुम्ही त्यांच्या बंगल्यावर माळी होता ना? त्यांच्या दानधर्माच्या चार आठवणी लिहून द्या. चांगल्या चांगल्या." मी म्हटलं, मी चौथी शिकलोय, तीही मास्तरच्या छडीच्या धाकानं. ते म्हणाले, जसं बोलता तसंच लिहा. म्हणून लिहितोय. चांगल्या आठवणी आहेतच, त्या देतो. पण त्यातली एक गोष्ट मी माझ्या बायकोला सांगायला पाहिजे होती, आणि ती या पावसाळ्याआधी मेली. आता ज्याला सांगायचं ते माणूसच नाही, तर कागदाला सांगतो. छापा नाहीतर फाडा.

त्या नटाला मी तोंडावर साहेब म्हणायचो. इथं 'तो' लिहिणार आहे. मेलेल्या माणसाला अहो-जाहो कशाला?

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. अंधेरी स्टेशनाच्या पूर्वेला तेव्हा दोन मैल नुसती भातशेती. त्यात आमचं गावठाण. वरची पाखाडी, खालची पाखाडी, म्हणजे दोन आळ्या, मधे विहीर आणि विहिरीजवळ दगडी क्रूस. आम्ही ख्रिस्ती. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, आणि बोलणं आमचं मराठी. कोणी भात लावायचं, कोणी भाजी विकायचं, एखाददुसरा कंपनीत. गावाच्या पुढं माळ होता, तिथं साहेबानं बंगला बांधला आणि मला बागेला ठेवला.

तो लोकांना हसवणारा नट. पडद्यावर नुसता आला तरी लोक आधी हसायचे आणि मग तो काय बोलतो ते ऐकायचे. बंगल्यावर मात्र त्याला हसताना मी फार बघितला नाही. पोटाचा दुखणेकरी होता. सकाळी मऊ भात आणि ताक खायचा आणि बागेत येऊन माझ्या मागं मागं हिंडायचा. हे झाड काय, त्याला पाणी किती, असलं विचारत. बायको-पोरं नव्हती. माणूस एकटा होता, आणि कोणी आपल्याला बरं म्हणावं याची त्याला फार भूक होती. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

देण्यात त्यानं हात आखडला नाही. शाळेला पाट्या दिल्या, बाकं दिली. स्टुडिओतल्या एका सुताराची बोटं करवतीत गेली तर त्याच्या घरी तो सुतार मरेपर्यंत तांदूळ जायचा, आणि तो पोचवायला मीच जायचो. एकदा शहरातनं डोळ्यांचा डॉक्टर आणला आणि पाखाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना चष्मे दिले. एका म्हाताऱ्यानं चष्मा चढवला, पहिल्यांदा बायकोकडं बघितलं आणि म्हणाला, "अगं, तू एवढी म्हातारी कधी झालीस?" ती म्हणाली, "आता आरशात बघ मेल्या, म्हणजे कळेल." मी हिंदीत सांगितल्यावर साहेब त्या दिवशी हसला होता. अगदी पोट धरून.

ही झाली चांगली आठवण. आता पुढचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात विहीर खाली गेली, पाणी गढूळ झालं आणि गावात ताप आला. पोटाचा ताप. तीन पोरं गेली. त्यातलं एक खालच्या पाखाडीतलं, नऊ वर्षांचं. त्याच्या बहिणीशी माझं लग्न ठरलेलं होतं. बाप त्यांचा आधीच गेलेला. घरात आई, ही मुलगी आणि तो पोरगा. आई डोक्यावर पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात भाजी विकायची. पोरगा गेला त्या दिवशी ती रडली नाही. तिसऱ्या दिवशी पाटी उचलून बाजारात गेली. बायका म्हणाल्या, काळीज दगडाचं आहे. दगडाचं नव्हतं. ते मी पुढं बघितलं.

साहेबानं ताप आल्याचं ऐकलं आणि मला विचारलं. मी सांगितलं. मग म्युनिसिपालटीचा डॉक्टर आला, बाटलीत पाणी घेऊन गेला, आणि विहीर बंद करा म्हणाला. बंद करा म्हटल्यावर प्यायचं काय? साहेब म्हणाला, मोठ्या रस्त्यावरनं नळ मी आणतो. सगळा खर्च माझा. विहिरीवर पक्की स्लॅब टाकू, म्हणजे कोणाला मोह होणार नाही. मला म्हणाला, "गाँववालों को मंज़ूर होगा ना?" मी म्हटलं, होगा साहेब, कायको नहीं होगा.

गावाला पटवायचं काम माझ्याकडं आलं. मी घरोघर हिंडलो. सगळे हो म्हणाले. पोरं मेलेली होती, नाही कोण म्हणणार? शेवटी होणाऱ्या सासूकडं गेलो. ती ओट्यावर बसून माठाच्या जुड्या बांधत होती.

"मावशी, विहीर बंद करायची म्हणतात."

"ऐकलं मी."

"नळ येणार. घराजवळ पाणी."

"येऊ दे की. मी कुठं नको म्हणते? पाणी नळाचं पिऊ." तिनं जुडी बाजूला ठेवली. "पण वर झाकण ठेवायला सांग."

"झाकण कशाला?"

"लग्न कोणाचं आहे? तुझंच ना? उंबराचं पाणी काय नळावरनं आणू?"

हे बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बाजा वाजवत विहिरीवर जातात आणि पाणी आणतात. नवरीकडच्या वेगळ्या, नवऱ्याकडच्या वेगळ्या. त्या पाण्यानं आंघोळ घालतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात, हे सगळ्याच गावांत आहे. पण आमच्या पाखाडीत आणखी एक होतं. कळशी बुडवायच्या आधी घरातली मोठी बाई विहिरीत वाकून घरच्या मेलेल्या माणसांना हाक मारायची. ये रे, घरात लग्न आहे. विहीर हाक परत द्यायची. ती परत आली की आमंत्रण पोचलं असं धरायचं. पाद्रीला हे आवडायचं नाही, पण तो त्या वेळी मुद्दाम देवळात काहीतरी काम काढून बसायचा.

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मावशी, ज्या विहिरीनं पोरगा नेला, तिच्यातच हाक मारणार?"

"विहिरीनं नाही नेला. तापानं नेला. विहिरीवर तर तो रोज नाचायचा. लग्नात खिशात भरून वडे नेणार म्हणून त्यानं बहिणीला सांगून ठेवलंय. त्याला बोलवायला नको? वर्षाला दोन-चार लग्नं. तेवढ्यापुरतं झाकण उघडायचं, परत लावायचं. कुलूप घाल, किल्ली पाद्रीकडं दे. पाणी कोणी पिणार नाही. तू सांग साहेबाला. तुझं ऐकतो ना तो?"

"ऐकतो."

"मग झालं."

आत माझी होणारी बायको उभी होती. दारातनं म्हणाली, "विसरू नको हं." तेवढंच. तेव्हा आम्ही एकमेकांशी फार बोलत नव्हतो. लग्नाआधी बोलायची पद्धत नव्हती.

मी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

विहिरीच्या कामावरच्या मुकादमाला सांगितलं तर तो म्हणाला, लोखंडी झाकण बसवायला माझं काय जातं, साहेबाला विचार. मी संध्याकाळी बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात पाच-सहा मोठी माणसं बसली होती. मला बघितल्यावर साहेबानं हात करून बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवला. मातीचे हात माझे, तसाच उभा राहिलो. तो त्यांना सांगत होता, हा माझा माणूस, यानं सगळं गाव एका दिवसात राजी केलं, एकाचीही तक्रार नाही. एक माणूस म्हणाला, वा. दुसऱ्यानं मला सिगारेट दिली. साहेबानं विचारलं, "बोलो, क्या काम था?"

मी म्हटलं, "कुछ नहीं साहेब. गुलाब को खाद मंगताय."

बस. एवढंच झालं. कोणी मला दटावलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. एकाचीही तक्रार नाही म्हटल्यावर मला तक्रार काढता आली नाही. म्हटलं उद्या सांगू. उद्या मुकादमानं सळ्या बांधल्या. परवा सिमेंट पडलं.

सासू विचारायला आली तेव्हा मी म्हटलं, "साहेब नाही म्हणाले."

"का?"

"कायदा आहे म्हणाले. मच्छर होतात."

ती विहिरीकडं वळली. ओल्या सिमेंटवर मुकादमानं गोणपाट टाकलं होतं, ते बघत उभी राहिली.

नळ आला. खोटं कशाला सांगू, गाव खूष झालं. मीही झालो. पुढच्या उन्हाळ्यात कोणाला ताप आला नाही. स्लॅबवर साहेबाच्या नावाची संगमरवरी पाटी बसली. पोरं स्लॅबवर गोट्या खेळायला लागली.

त्याच सुमाराला सरकारनं साहेबाला जे.पी. केलं, जस्टिस ऑफ पीस म्हणतात ते. तेव्हा मुंबईत हा मान मोठा. पगार नाही, काही नाही, पण नावापुढं जे.पी. लागलं की पोलीससुद्धा सलाम ठोकायचा. पेपरात आलं की या नटानं उपनगरातल्या गरिबांसाठी केलेल्या कामाबद्दल. गावानं शाळेच्या मैदानावर त्याला मानपत्र दिलं. मास्तरनं ते वाचून दाखवलं. त्यात होतं की ग्रामस्थांनी आपली जुनी विहीर आनंदानं अर्पण केली. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. सासू मैदानावर आली नव्हती.

ईस्टरनंतर माझं लग्न. रजा मागायला गेलो तर साहेबालाच आठवण झाली. म्हणाला, व्हरांड्यातनं मी बघायचो, लग्नात बायका बाजा वाजवत विहिरीवर जायच्या. आता कुठं जातील? मी मान खाली घातली. इथं दुसऱ्यांदा संधी होती. तो स्वतः विचारत होता. मी म्हटलं, जातील कुठंतरी. तो विचारात पडला, आणि एकदम लहान पोरासारखा खूष होऊन म्हणाला, माझ्या बागेतल्या विहिरीवर या! त्याच्या बागेला विहीर होती, पंपाची, नवी. प्यायची नाही म्हणून उघडी होती. बाजा आणा, सगळ्यांना आणा. त्यांना आवडेल ना?

"खूष होंगे साहेब."

सासूला हे सांगायला मी गेलो नाही. तिच्या भावाला पाठवलं. तो कांदिवलीहून लग्नासाठी आला होता. त्याचं नि तिचं मोठं भांडण झालं म्हणतात. ती म्हणाली, ज्यानं नाही म्हटलं त्याच्या दारात मी कळशी घेऊन जाऊ? भाऊ म्हणाला, आता तो जे.पी. आहे, उद्या कशाला तरी सही लागेल, आणि दारूबंदीचे दिवस आहेत, मांडवात आपण काय शिजवतोय ते त्याला कळलं तर? ती म्हणाली, कळू दे, त्यालाही एक पेला दे. शेवटी मुलीचं लग्न मोडू नये म्हणून आली.

शनिवारची संध्याकाळ. बाजेवाले पुढं, मागं बायका, लाल लुगडी, केसांत फुलं. नवऱ्यानं नवरीच्या पाण्याला जायचं नसतं, पण बंगल्यावर साहेबाशी बोलायला दुसरा कोण? तो उर्दूतलं मऊ मऊ बोलायचा, आमच्या बायकांना बाजारातलं तोडकं हिंदी तेवढं यायचं. म्हणून मला बोलावणं आलं. मी फाटकाशी उभा. बायकांनी मला बघितलं आणि सुरू झाल्या.

"अगं, नवरा बघ! स्वतःच्या नवरीच्या पाण्याला आलाय!"

"घाई झालीय त्याला."

"अरे, आजची रात्र तरी दम धर मेल्या!"

"कळशीसुद्धा हाच उचलेल बघ, नवरीला त्रास नको."

बाजेवाले हसायला लागले, एकाचा सूर चुकला. सासू हसली नाही. ती सगळ्यांच्या पुढं चालत होती.

विहिरीपाशी साहेब पांढऱ्या कपड्यांत उभा. चार पाहुणे, दोन फोटोवाले. बायकांनी गाणं म्हटलं, मेणबत्ती लावली, तांदूळ टाकले. मग बाजा थांबला. आता हाक मारायची वेळ. सासू काठावर वाकली. फोटोवाला म्हणाला, जरा इकडं तोंड करा बाई. तिनं केलं नाही. ती आत बघत राहिली. आत पंपाचा पाइप होता आणि हिरवं पाणी. मला वाटलं आता हाक मारेल, आता मारेल.

तिनं हाक मारली नाही. कळशी बुडवली, ओढली, खाली ठेवली. मग माझ्याकडं वळली.

"इथं तो कधी आला नाही. इथलं पाणी त्यानं कधी चाखलं नाही. त्याला काय परक्याच्या फाटकात उभा करू? सांग तुझ्या साहेबाला. सांग, माझ्या पोराला बहिणीच्या लग्नाला येऊ दिलं नाही त्यानं. सांग ना!"

आणि ती रडायला लागली. पोरगा गेल्यापासनं पहिल्यांदा. तोंडात पदर कोंबून, वाकून, जसं पोटात दुखतंय.

साहेब पुढं आला. त्याचेही डोळे भरलेले. मला विचारलं, "माँजी क्या कह रही हैं?"

मी त्याच्या कानाशी लागून म्हटलं, "दुआ देती है साहेब. बोलती है, हमारे बच्चों को तुमने बचाया."

तो खाली वाकला आणि त्यानं तिच्या पायाला हात लावला. फोटोवाल्यांनी धडाधड फोटो काढले. सासूनं पाय मागं घेतले. मला म्हणाली, "काय म्हणतो हा?"

"कायदा आहे म्हणतो. उघडता येत नाही."

"मग पाया कशाला पडतो?"

मागनं तिची जाऊ म्हणाली, "नटाची जात. नाटकंच करणार."

तो फोटो पेपरात आला. ही पुस्तकवाली माणसं तोच छापणार आहेत, मला दाखवला. डाव्या अंगाला वाकलेला साहेब, उजव्या अंगाला तोंड झाकलेली सासू, आणि मधे हात बांधून उभा आहे तो मी. खाली लिहिलंय, गावातल्या मातेचा आशीर्वाद घेताना. ते खोटं आहे. पण तो पाया पडला ते खरं होतं, त्यात नाटक नव्हतं. मी एका हाताच्या अंतरावर होतो.

लग्न झालं. तेच पाणी वापरलं. माझ्या बायकोनं आंघोळ केली, सगळं केलं. आठ दिवसांनी सकाळी मी कामाला निघालो तर भाकरी बांधून देताना म्हणाली, "एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"साहेबाला परत एकदा सांग ना. आता त्याला मान मिळालाय, खूष असेल. फक्त एक माणूस वाकेल एवढं भोक पाड म्हणावं. आई रात्री झोपत नाही. एकदा हाक मारली की झोपेल."

मी हो म्हटलं. आणि देवाशपथ, त्या दिवशी मी विचारणारच होतो. बंगल्याच्या वाटेवर मी वाक्य पाठ करत गेलो.

साहेब व्हरांड्यात बसला होता. तो फोटो त्यानं मोठा करून फ्रेममध्ये घातला होता आणि कुठं लावायचा ते बघत होता. मला म्हणाला, इतकी वर्षं लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवतायत, पैसे देऊन हसतायत. पण माझ्यासाठी कोणी रडलं नव्हतं. त्या माऊलीला विचार, तिला काय पाहिजे. काहीही माग म्हणावं. मी देईन.

मी विचारायच्या आधीच त्यानं विचारलं. मला फक्त म्हणायचं होतं, साहेब, झाकण. पण झाकण म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मग त्या दिवशी ती काय बोलत होती? आणि फ्रेम त्याच्या हातात होती. आणि खरं सांगायचं तर त्याच्या सुखाची मला तेवढी पर्वा नव्हती. मला माझी पर्वा होती. नोकरी होती, नवं लग्न होतं, आणि बंगल्यावर माझा माणूस म्हणून माझ्या खांद्यावर हात पडत होता.

मी म्हटलं, "कुछ नहीं मंगता बोली साहेब. तुम्हारा भला हो, इतनाच."

त्यानं डोळे पुसले.

घरी बायको दारातच उभी होती. मी चप्पल काढली, पाय धुतले, आणि म्हटलं, "साहेब नाही म्हणाले."

त्या दिवसापासनं ती त्याचा द्वेष करायला लागली. सासू पुढच्या पावसाळ्यात गेली, हाक न मारता. मग तर काही विचारू नका. नळाचं पाणी प्यायची आणि त्याला शिव्या देत प्यायची. शाळेच्या मैदानावर पडदा लावून त्याचा सिनेमा दाखवायचे, सगळी पाखाडी चटया घेऊन जायची, ही घरात दार लावून बसायची. आमच्या दोन्ही मुलींच्या लग्नात बायका पाण्याला नळावर गेल्या. नळाला कोण हाक मारणार? ही घरातच राहिली. मुलींनी विचारलं, आई तू का येत नाहीस? म्हणाली, तुमच्या बापाच्या साहेबाला विचारा.

मी तिथंच उभा होतो.

आमच्यात ईस्टरच्या आधी कुमसार करावा लागतो. म्हणजे पाद्रीपाशी जाऊन वर्षाची पापं कबूल करायची. माझ्या बायकोकडं पापं कसली? पण दरवर्षी ती एकच पाप सांगायची, मला घरी येऊन सांगायची म्हणून माहीत. एका माणसाबद्दल मनात राग आहे. पाद्री म्हणायचा, माफ कर. ती म्हणायची, होत नाही. मग तो प्रार्थना सांगायचा, आणि ती घरी येऊन जमिनीवर गुडघे टेकून ती म्हणायची. गुडघे सुजले तरी म्हणायची. पाद्री बदलले, तिचं पाप तेच. आणि मी बाजूला खाटेवर पडून ऐकायचो. माझ्या कुमसारात मी काय सांगायचो? शेजाऱ्याशी भांडलो, चोरून प्यालो, असलं.

साहेब मेला तेव्हा बंगला विकून त्याला बरीच वर्षं झाली होती. रेडिओवर सांगितलं. आम्ही जेवायला बसलो होतो. ती घास हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता भेटेल त्याला माझा भाऊ. विचारेल त्याला, माझ्या आईला हाक का मारू दिली नाहीस म्हणून." मी म्हटलं, कालवण वाढ.

या वर्षी तिचं दुखणं वाढलं. डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. एका सकाळी पाद्री घरी आला. मला बाहेर बसायला सांगितलं, मी ओट्यावर बसलो. आतलं काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ लागला. पाद्री बाहेर आला, माझा हात धरला आणि गेला.

मी आत गेलो. ती म्हणाली, "पेज दे थोडी."

मी पेज आणली, चमच्यानं भरवायला लागलो. दोन-तीन चमचे झाल्यावर म्हणाली, "या वेळी खरंच केलं माफ."

"कोणाला?"

"आणखी कोणाला? तुझ्या साहेबाला." तिचं तोंड हलकं दिसत होतं, कितीतरी वर्षांनी. "त्यालाही कोणी सांगितलं नसेल नीट. मोठ्या माणसांना कोण सांगतं? मी उगाच भांडत बसले. दमले रे."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. म्हटलं, आता सांग. मग म्हटलं, आता सांगितलं तर तिला पुन्हा पहिल्यापासनं सुरू करावं लागेल, आणि तेवढे दिवस तिच्याकडं नाहीत. असं मी मला समजावलं. तेही खोटंच. तिनं माझ्याकडं कसं बघितलं असतं ते मला बघायचं नव्हतं.

"काय झालं?" तिनं विचारलं. "गरम आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "निवली आता. घे."

तिनं सगळी पेज घेतली. तोंड पुसून मागितलं, मी पुसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली, ज्यानं तिचं काहीच वाईट केलं नव्हतं त्या माणसाला माफ करून.